पाखऱ्याची दुसरी सुई

वडनेर भोलजीच्या अलीकडे दोन कोसांवर आमचं गाव. तिथल्या पुंजाजीबद्दल जुनं माणूस एकच गोष्ट सांगेल. बैल बिथरलेला असो की गाय लाथाळ असो, पुंजाजीनं मानेवर हात ठेवला की जनावर उभं राहायचं. तो वेसण ओढायचा नाही, शिंगाला हात घालायचा नाही. जवळ जाऊन कानामागं खाजवायचा आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलायचा. काय बोलायचा ते कोणाला ऐकू आलं नाही.

त्याची दुसरी गोष्ट गावाला माहीत नव्हती. ती त्यानं म्हातारपणी, त्याची बायको झुंबरबाई गेल्यावर, मला सांगितली. मी विचारलं नव्हतं. आम्ही मळ्यात शेंगा फोडत बसलो होतो आणि तो आपणहून बोलू लागला.

पुंजाजी आणि इंद्रभान चुलतभाऊ. पुंजाजी दोन वर्षांनी थोरला. एकाच घरात दोघं वाढले, एकाच तव्यावरची भाकर खाल्ली. घरात एक गाय होती, तिला लागोपाठ दोन गोऱ्हे झाले. पहिला भिंगऱ्या, दुसरा पाखऱ्या. पाखऱ्याच्या वेळी गाय बारा दिवसांत गेली. वासरू जगत नाही असंच सगळे म्हणत होते. पुंजाजीनं शेजारच्या शेळीचं दूध आणलं, बांबूच्या नळीतून घोट घोट पाजलं आणि वासरू उभं केलं. पांढरं अंग, पाठीवर तांबूस ठिपके. पुंजाजी विहिरीवर निघाला की पाखऱ्या मागं, वावरात निघाला की पाखऱ्या मागं.

दोन्ही गोऱ्हे कामाला लागण्याजोगे झाले त्या साली वाटणी झाली. पंचांनी दोन चिठ्ठ्या केल्या. एकीत विहिरीचं वावर आणि जुनी बैलजोडी, दुसरीत कोरडवाहू वावर आणि हे दोन गोऱ्हे. पुंजाजीला विहिरीचं वावर निघालं. लोक म्हणाले, "पुंजा, नशीब काढलंस!" झुंबरबाईनं देवापुढं साखर ठेवली. आणि इंद्रभान गोऱ्हे सोडून नेत असताना पाखऱ्या वळून हंबरला, तेव्हा पुंजाजी घरात जाऊन रिकाम्या रांजणापाशी उगाच उभा राहिला.

पुढं इंद्रभाननं ती जोडी पटाला धरली. आमच्या भागात पीक निघालं की बैलांच्या शर्यती लागतात, त्याला पट म्हणतात. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची, धुरकऱ्यानं एक पाय दांडीवर टेकून उभं राहायचं आणि जोडी वाऱ्यासारखी सोडायची. इंद्रभान स्वतःच धुरकरी. पहिल्याच वर्षी पाखऱ्या-भिंगऱ्यानं वडनेरचा पट मारला. दुसऱ्या वर्षी मारला, तिसऱ्याही वर्षी मारला. इंद्रभानला फेटा बांधला, हातात चांदीचं कडं घातलं. गावच्या वेशीपासून वाजतगाजत त्याला आणलं. पाटील म्हणाले, "इंद्रभान, तू बैल घडवलेस!"

पुंजाजी गर्दीत मागं उभा होता.

"मले वाटे, वरडून सांगावं," तो मला म्हणाला. "बैल म्या घडवले. त्यानं नुसते पळवले. पण वरडाचं कसं? लोक म्हणतील, विहिरीचं वावर घेतलं, वरून बैलाचंबी पाह्यजे याले."

दर वर्षी तो पट पाहायला जायचा. झुंबरबाई म्हणायची, "तुमाले तिथं जाऊन तरास होते, मंग काऊन जाता?" तो म्हणायचा, "बैलायले पाहाले जातो." ते खरं होतं. पण इंद्रभानला फेटा बांधताना त्याची मान कशी ताठ होते, हेही तो पाहायचा आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलायचा नाही. भाकरीला चव नसायची. स्वतःच्या मळ्यातली हिरवीगार मिरचीसुद्धा त्याला नकोशी वाटायची, कारण तिच्यासाठीच बैल गेले असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

एकोणीसशे बत्तीस-तेहतीसचा सुमार असेल. दिवाळी होऊन महिना झाला होता. नाल्याकाठच्या कुरणात एका शेतकऱ्याची गाय पडली. सकाळी चरत होती, दुपारी मेली. पोट फुगलेलं, नाकातोंडातून काळं रक्त, आणि ते रक्त काही केल्या गोठेना. गिधाडांनी ती नाल्यातच फोडली. आठ दिवसांत आणखी तीन जनावरं तशीच गेली. जाणत्यांनी रोगाचं नाव काढलं, फाशी. पाटलांनी खामगावला कागद पाठवला आणि तिसऱ्या दिवशी ढोरांचे डॉक्टर भगवंतराव दमणीतून, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाडीतून, आले. दमणीत ओल्या पोत्यात गुंडाळलेली लाकडी पेटी होती आणि पेटीत बाटल्या.

चावडीपुढं लोक जमले. एकानं विचारलं, "साहेब, हे कायचं पाणी होय?"

भगवंतराव शांत माणूस. त्यांनी बाटली उन्हात धरली. आत फिकट पिवळं, स्वच्छ पाणी. "दूर हिमालयात सरकारी प्रयोगशाळा आहे," ते म्हणाले. "तिथं धडधाकट बैलांना या रोगाचे जंतू टोचतात. आधी अगदी कमजोर, मग हळूहळू जास्त. बैल मरत नाही. त्याचं रक्त त्या जंतूशी लढायला शिकतं. मग त्याचं थोडं रक्त काढून वरचं पाणी घेतात. ते हे. हे तुमच्या बैलाच्या अंगात गेलं की त्या बैलाची लढाई तुमच्या बैलाच्या कामी येते."

"म्हंजे आमच्या बैलाले काही शिकाचं कामच नाही?"

"तिथंच अडचण आहे. तुमचा बैल स्वतः शिकत नाही. ही परक्याची ताकद. पंधरा दिवस टिकते, फार तर तीन आठवडे. मग संपली. म्हणून मी पंधरा दिवसांनी मंगळवारी पुन्हा येणार. दुसरी सुई चुकवायची नाही. आणि नाल्याचं कुरण पावसाळ्यापर्यंत सोडून द्या."

इंद्रभान त्या वेळी गावात नव्हता. बायको शालूबाईला घेऊन तो तिच्या माहेरी, संग्रामपूरकडे लग्नाला गेला होता. जाताना बैल पुंजाजीच्या हवाली करून गेला होता. "भाऊ, तुह्याशिवाय कोणाच्या हातचं खात नाहीत ते," असं म्हणाला होता.

ते आठ दिवस पुंजाजीच्या आयुष्यातले फार सुखाचे. तो पहाटे उठून सरकी भिजवायचा, बैलांना नाल्याच्या वरच्या अंगाला नेऊन धुवायचा, दिवसभर त्यांच्याशी बोलायचा. झुंबरबाईला हसू यायचं. डॉक्टर टोचायला आले तेव्हा पाटील म्हणाले, "पटाची जोडी आधी." पुंजाजीनं पाखऱ्याची मान काखेत घेतली. सुई मानेच्या कातड्यात शिरली, जाड नळीतलं पाणी हळूहळू आत गेलं, तिथं मुठीएवढा फुगा आला. पाखऱ्या थरथरला, पण हलला नाही. पुंजाजीचं मनगट चाटत राहिला.

भगवंतराव म्हणाले, "मालक बाहेरगावी आहेत ना? मग तुम्ही त्यांना सांगा. मंगळवारी जोडी गावात पाहिजे."

"सांगतो जी," पुंजाजी म्हणाला. आणि त्याला सांगायचंच होतं.

चार दिवसांनी इंद्रभान आला. उन्हानं रापलेला, लग्नघरच्या गप्पांनी फुललेला. गोठ्यात शिरून त्यानं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि हसत हसत म्हणाला, "काय बे भाऊ, रोडावले ना हे! उपाशी ठेवलेस का काय माह्या बैलायले?"

थट्टा होती ती. शालूबाईसुद्धा हसली. पण पुंजाजीला ती लागली. माह्या बैलायले! तो दावं सोडून इंद्रभानच्या हातात देऊ लागला.

"डॉक्टर आला होता म्हणे? सुई देल्ली?"

"देल्ली. म्याच धरले होते."

"मंग आता भेव नाही?"

पुंजाजीला आठवत होतं. मंगळवार, दुसरी सुई, सगळं ओठावर होतं. तो म्हणाला, "पाटलाची जोडी मागं ठेवली, आपली आधी टोचली." आणि घरात गेला.

"खोटं एकबी बोललो नाही मी," हे सांगताना म्हातारा पुंजाजी माझ्याकडं बघत नव्हता. "सगळं खरंच बोललो. पण जे बोलाचं होतं ते ठेवून देल्लं."

मी म्हणालो, "दुसरं कोणी सांगितलं नाही?"

"त्यायले वाटलं, मी सांगितलं असंन."

मंगळवारच्या आदल्या दिवशी इंद्रभान जोडी छकड्याला जुंपून निघाला. वडनेरच्या पटाआधी तिथल्या मैदानावर चार दिवस सराव करायचा होता. पुंजाजी तेव्हा विहिरीवर मोट हाकत होता. वाट विहिरीजवळूनच जाते. पाखऱ्यानं मान वळवली. इंद्रभाननं हात केला. पुंजाजीनंही केला. एवढंच पुरे होतं, "थांब बे, उद्या डॉक्टर येते." मोट वर आली, पाणी पाटात ओतलं, आणि छकडा वळणाआड गेला.

दुसऱ्या दिवशी भगवंतराव आले. गावातल्या सगळ्या जनावरांना दुसरी सुई मिळाली. पुंजाजीनं प्रत्येकाचे बैल धरले. डॉक्टरांनी विचारलं, "ती पटाची जोडी?"

"बाहेरगावी हाय जी."

"निरोप दिला होता ना?" डॉक्टर घाईत होते, पुढच्या गावाला जायचं होतं. उत्तराची वाट न पाहता ते पेटी बंद करू लागले.

त्या दिवसापासून पुंजाजीला जेवण जाईना. तरी तो स्वतःला समजावत राहिला. रोग आता ओसरला. नाल्यावर कोण नेतं बैल? पटात एकदा इंद्रभान हरला तर काय बिघडतं? बैल मरावा असं त्याच्या मनात नव्हतं, हे मी मानतो. त्याला हवं होतं ते इंद्रभानचं नाक खाली झालेलं. बैलाचा दम कमी पडावा, जोडी मागं यावी, लोकांनी म्हणावं, "पुंजाजीच्या हातात होती तेव्हा बरी होती." रोग एवढंच करील आणि थांबेल, असं त्याच्या मत्सरानं ठरवलं होतं.

जोडी परत आली. गावात नवं जनावर मेलं नव्हतं, म्हणून लोक हळूहळू नाल्याच्या कुरणात उतरू लागले होते. हिरवं तिथंच होतं. इंद्रभाननंही पटाआधी ओला चारा मिळावा म्हणून जोडी तिकडं सोडली. पहिल्या सुईला तेव्हा पंचवीस दिवस झाले होते.

दोन दिवसांनी, सकाळच्या वेळी, शालूबाई पळत मळ्यात आली. "भावजी, पाखऱ्या कसातरी करून राह्यला. लवकर चाला."

पाखऱ्या मान खाली घालून उभा होता. अंग थरथरत होतं, श्वास भात्यासारखा. इंद्रभान त्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून बांबूच्या नळीनं काढा ओतत होता. बैलाच्या दातांनी त्याचा हात खरचटला होता, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. "धर भाऊ, तू धर त्याले," तो रडत म्हणाला. पुंजाजीनं मान काखेत घेतली. पाखऱ्यानं त्याचं मनगट चाटायला जीभ काढली, पण ती पोचली नाही. दुपार व्हायच्या आत बैल कोसळला. नाकातून काळं रक्त आलं.

पुंजाजी मला म्हणाला, "इंद्रभान जमिनीवर डोकं आपटून राह्यला होता. आन् मले, एक घडीभर, बरं वाटलं. आता कोणता फेटा बांधतेस, असं मनात आलं. मंग पाखऱ्याचे ते ठिपके दिसले, आन् मले वांती झाली."

दुसऱ्या दिवशी निरोप मिळून भगवंतराव आले. बैल खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरला. भिंगऱ्याला सुई दिली, तोही पुंजाजीनंच धरला. निघताना डॉक्टर म्हणाले, "ज्यांनी मेलेल्या जनावराला हात लावला त्यांनी आठ दिवस अंगावर लक्ष ठेवा. हा रोग माणसाला लागतो. पुळी येते. खाजते, पण दुखत नाही. मधोमध कोळशासारखी काळी होते. तिला काळपुळी म्हणतात. दिसली की पाला बांधत बसू नका, खामगावला या." इंद्रभान ओसरीवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्यानं काही ऐकलं नाही. ऐकलं ते पुंजाजीनं.

चौथ्या दिवशी पुंजाजी त्याच्याकडं गेला. कशाला गेला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. इंद्रभानच्या हाताला कडुलिंबाचा पाला बांधला होता.

"काय झालं?"

"काही नाही, पुळी होय. दुखतबी नाही."

पुंजाजीनं पाला सोडला. मनगटाच्या वर रुपयाएवढा काळा डाग, भोवती पाण्याचे फोड, आणि हात खांद्यापर्यंत सुजलेला. अंगात ताप. त्या वेळी पुंजाजी आणखी एकदा गप्प बसू शकत होता. कोणाला कळलं नसतं. त्यानं झुंबरबाईला हाक मारली, दमणी जुंपली, इंद्रभानला गादीवर आडवं केलं आणि बैल खामगावच्या वाटेला लावले. शालूबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात पाहिला आणि लगेच भगवंतरावांना बोलावणं पाठवलं. माणसाला द्यायचं तसलं पाणी मुंबईहून मागवावं लागलं असतं, तीन दिवस गेले असते. दोघे डॉक्टर बाजूला जाऊन बोलले. मग माणसांच्या डॉक्टरांनी शालूबाईला सांगितलं, "यांच्याकडं जनावरांसाठीचं पाणी आहे. रोग तोच, औषधही त्याच जातीचं. त्रास होऊ शकतो. पण थांबलो तर नुसता हात नाही, माणूस जाईल. देऊ का?"

शालूबाईनं पुंजाजीकडं पाहिलं. "भावजी, तुमी सांगा."

"द्या जी," पुंजाजी म्हणाला.

सुई दिली. इंद्रभान तापात होता, पण शुद्धीवर. भगवंतराव बाटली ठेवत जरा रागानंच म्हणाले, "अहो, एवढा निरोप ठेवला होता. मंगळवारी जोडी गावात असती तर बैलही वाचला असता आणि ही वेळही आली नसती."

"कोणता निरोप?" इंद्रभाननं विचारलं. "मले कोणी सांगितलंच नाही."

भगवंतरावांनी पुंजाजीकडं पाहिलं. शालूबाईनंही पाहिलं. बाहेर कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजत होता.

"म्या नाही सांगितलं," पुंजाजी म्हणाला. "इसरलो नाही. मुद्दाम नाही सांगितलं. लोक तुले नावाजत, ते मले पाह्यवत नव्हतं."

इंद्रभाननं त्याच्याकडं पाहिलं. शिवी देईल, हाकलेल, असं पुंजाजीला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. इंद्रभान हळू आवाजात म्हणाला, "माह्यावर राग होता तं माह्यावर काढाचा. पाखऱ्या तं तुह्या हातचा होता ना, भाऊ."

आणि त्यानं तोंड फिरवलं.

दोन दिवसांत सूज उतरू लागली. ताप गेला. आठव्या दिवशी अंगभर गांधी उठल्या, सांधे धरले, तेव्हा शालूबाई घाबरली. डॉक्टर म्हणाले, "हे परकं रक्तपाणी आहे, अंग त्याच्यावर रागावलंय. निवळेल." ते निवळलं. काळा डाग सुकून खपली पडली. तिथं खड्डा राहिला आणि उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. त्या हातात कासरा धरून धुरेवर उभं राहणं आता शक्य नव्हतं.

इंद्रभान घरी आला. पुंजाजी रोज वाट पाहत होता, आज गावात कळेल, आज पाटील बोलावतील. काहीच झालं नाही. इंद्रभाननं कोणाला सांगितलं नाही. शालूबाईनंही नाही. लोक म्हणत, "चुलतभाऊ असावा तं पुंजाजीसारखा, दमणीत घालून जीव वाचवला." पुंजाजीला ते ऐकवेना.

एकट्या भिंगऱ्याचा इंद्रभानला आता उपयोग नव्हता. पुंजाजीनं झुंबरबाईला पाठवलं. निरोप असा, भिंगऱ्याला आमच्या गोठ्यात राहू द्या, मागाल ते देऊ. इंद्रभाननं तिला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "वयनी, त्याले म्हणा, मी कोणाले सांगणार नाही. पण बैल बी देणार नाही." पुढच्याच आठवड्यात त्यानं भिंगऱ्या संग्रामपूरकडच्या सासऱ्यांच्या गावात देऊन टाकला.

"तुम्हाला लाज वाटली असेल," मी म्हणालो.

"लाज तं वाटलीच. पण खरं सांगू? मले त्याचा हेवाच वाटला. पटात तो पुढं होता, ते ठीक हाय, बैलाच्या जिवावर होता. आता गप्प राहण्यातबी पुढं निंघाला. तो गावभर सांगता तं मी त्याच्या बरोबरीचा झालो असतो. त्यानं तेबी होऊ देल्लं नाही."

त्यानंतर दरवर्षी भगवंतराव येणार असले की पुंजाजी दोन दिवस आधी घरोघर फिरायचा. दारात उभा राहून वार सांगायचा, दुसरी सुई कधी ते सांगायचा, समोरच्याकडून ते परत म्हणवून घ्यायचा. ऐकून ऐकून लोक वैतागायचे. "हाव बाबा, समजलं!" म्हणायचे. एखाद्या घरचा कर्ता बाहेरगावी असला तर तो त्याच्या मागं त्या गावाला जायचा. एकदा याच कामासाठी तो पायी वडनेरला गेल्याचं मी स्वतः पाहिलंय. इंद्रभानच्या दारातही जायचा. शालूबाई दारात यायची, तो वार सांगायचा, ती मान हलवायची. मंगळवार असो की गुरुवार, इंद्रभान आपली नवी साधी जोडी घेऊन सगळ्यांत आधी चावडीपुढं हजर असायचा. पुंजाजी बैलाची मान काखेत घ्यायचा, इंद्रभान दुसरीकडं बघत उभा राहायचा.

बोलणं सुरू झालं ते सहा वर्षांनी. इंद्रभाननंही तोवर कोरडवाहू वावरात विहीर पाडली होती. एका सकाळी तो पुंजाजीच्या बांधावर आला आणि म्हणाला, "भाऊ, मिरचीचं रोप उरलं असंन तं दे." पुंजाजीनं शंभर रोपं उपटून ओल्या पानात बांधून दिली, सगळ्यांत जोमदार निवडून. त्या साली इंद्रभानच्या वावरात मिरची अशी आली की वडनेरच्या बाजारात बायका त्याची टोपली हुडकत यायच्या.

"आन् मंग?" मी विचारलं.

पुंजाजीनं शेंगांची टरफलं धोतरावरून झटकली. "मंग काय," तो म्हणाला, "रोपं माहीच होती ना बे ती."